चष्मेवाल्यांच्या लेकीची विद्यापीठावरील स्वारी

ऐकणाराचे कान शाबूत असोत आणि सांगणाराचा घसा ओला राहो. या जगी मोठमोठी युद्धे जाहली आणि त्यांचे लिहिणारेही उदंड जाहले, परंतु ज्या युद्धांत रक्त न सांडता केवळ चहा सांडला, त्यांची वास्तपुस्त करणारा कोणी उरला नाही, हे बहुत अन्यायाचे काम, ऐसे मनी आले. सबब चष्मेवाल्यांच्या घरी जी मोहीम मांडली, जीमध्ये एक कन्या, एक बाप, एक आई आणि एक मामा इतकेच लढले, आणि संगणकशास्त्राचे शिक्षण कोणत्या विद्यापीठी घ्यावे या एका कलमावरून जेवणाचे मेज आठवडाभर रणभूमी होऊन राहिले, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे मीठ घातलेच तर चवीपुरते.

घराणे मुळात चष्म्याचे. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मध्ये अरुंद लाकडी जिना, ऐसी गढीची रचना. तीर्थरूप चष्मेवाले दृष्टीच्या दरबारचे मोठे मानकरी, अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर गिऱ्हाईक बसवावे, समोर अक्षरांच्या तक्त्याचा दिवा लावावा, नाकावर चाचणीची जड चौकट चढवावी, मग तीत एक काच घालावी, ती काढोन दुसरी घालावी आणि शांतपणे पुसावे, "हे बरं दिसतं, की हे?" ऐसा त्यांचा शिरस्ता. मातोश्री थोरल्या इस्पितळात परिचारिकांच्या सरदार. रागावल्या असता त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली येई, आणि तो खाली आला म्हणजे मोठमोठे डॉक्टरही हातातला चहा ठेवून उभे राहत.

या उभयतांस एकच कन्यारत्न. लहानपणी चष्म्याचे बारीक स्क्रू मुठीमुठीने उचलून घरभर दडवी, म्हणोन नाव खारू पडले, आणि वय वाढले तरी नाव अंगास चिकटून राहिले. या खारूबाईसाहेबांनी बापाच्या सोयीस्तव संगणकावर ऐसी एक युक्ती लिहिली, की ज्याचा चष्मा तयार होईल त्याच्या फोनवर आपोआप निरोप जावा. युक्ती बहुत नामी. परंतु तीत एक अट घालावयाची राहिली आणि एके सकाळी "तुमचा चष्मा तयार आहे" ऐसा निरोप, ज्याने ज्याने म्हणोन त्या दुकानाची पायरी कधी चढली होती, त्या सर्वांस गेला. मग काय पुसावे! दुकानास वेढा पडला. ज्यांनी चष्मा टाकिलाच नव्हता ते आले, ज्यांची नजर घारीसारखी तेही फुकटात मिळतो की काय हे पाहावयास आले आणि एक गृहस्थ तर दिवंगत सासऱ्यांचा चष्मा न्यावयास आले. तीर्थरूपांनी सर्वांस चहा पाजिला आणि हात जोडिले. खारूबाई गल्ल्यामागे दडून, डोके खाली घालून, आपल्याच लिखाणातील चूक हुडकीत बसल्या. ती सापडली तेव्हा पोरीच्या मुखावर ऐसा उजेड पडला, की बापाने चहाची किटली हाती तैसीच धरून तो पाहिला, आणि ही काही या दुकानात बसणार नाही हे त्याच क्षणी मनोमन ओळखिले. ते त्यांनी कोणास सांगितले नाही.

त्याउपरी परीक्षा जाहल्या, अर्ज जाहले, आणि तीन ठिकाणांहून होकाराचे खलिते ईमेलमार्गे दाखल जाहले. एक दूरची पातशाही. जुनी, नामांकित, आगगाडीत रात्र काढावी आणि वर दिवसही काढावा इतक्या अंतरावर. दुसरी जवळची जहागीर. दुकानाच्या कोपऱ्यावर बस धरावी आणि तिच्या फाटकाशी उतरावे, ऐसी घरगुती, सालस, कोणी नाव ठेवू नये आणि कोणी डोक्यावरही घेऊ नये ऐसी. तिसरे चकचकीत संस्थान, ज्याची इमारत नखशिखान्त काचेची आणि ज्याच्या जाहिराती दर दुसऱ्या बसच्या पाठीवर. शर्त ऐसी, की येत्या शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी तिहींपैकी एकाच्या संकेतस्थळी जाऊन आपली जागा पक्की करावी. न केल्यास तिन्ही दरवाजे बंद.

आता मर्माचे कलम लिहितो, ते वाचकांनी ध्यानी धरावे. दूरच्या पातशाहीत रिवाज ऐसा, की पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यास तयार संगणक देत नाहीत. होय आणि नाही इतकेच जाणणारे लहान लहान तुकडे हाती देतात, आणि त्यांपासून बेरीज, बेरजेपासून स्मरण, आणि स्मरणापासून पुढे अवघा संगणक ज्याचा त्याने बांधावा ऐसा हुकूम करितात. हे वाचिले तेव्हापासून खारूबाईंचे चित्त ठिकाणी नव्हते. ताटातली पोळी हाती तैसीच राही आणि दृष्टी भिंतीपार जाई. तथापि जेवणाच्या मेजावर त्या म्हणाल्या काय, तर जवळचेच बरे. कारण दुकानातला जुना मदतनीस आपले दुकान थाटून गेलेला, मातोश्रींच्या पाळ्या वेळी-अवेळी, आणि सायंकाळी दिवे लागले म्हणजे तीर्थरूप जिन्याच्या तळाशी दोन कप घेऊन बसत, त्यांतला दुसरा कप खारूचा. आपण गेलो तर तो कप कोणी घ्यावा, हा एकच विचार पोरीस आडवा येई.

इकडे तीर्थरूपांचे हाल काही निराळे नव्हते. पोर घरी राहावी, बसने जावी आणि बसने यावी, याहून अधिक त्यांनी देवाजवळही मागितले नसते. परंतु त्या सकाळचा उजेड डोळ्यांपुढून हलेना, म्हणोन तेही मनातले गिळून दूरच्या पातशाहीचा झेंडा घेऊन उभे राहिले. ताकाला जावे आणि भांडे लपवावे हे जगी पुष्कळ करितात, परंतु दोघांनी परस्परांचीच भांडी लपवून एकमेकांस ताकाचा आग्रह करावा, ऐसा तमाशा आम्ही दुसरा पाहिला नाही. बाप लेकीच्या मनाच्या बाजूने लढे, लेक बापाच्या मनाच्या बाजूने लढे, आणि दोघेही शर्थ करीत असल्याने लढाई काही संपेना.

तीर्थरूपांनी पातशाहीच्या जुन्या घुमटाची तसबीर दुकानात आरशाशेजारी लाविली आणि चौकट पसंत करावयास आलेल्या गिऱ्हाइकांस चौकटीऐवजी घुमट दाखवू लागले. खारूबाईंनी उत्तरादाखल बसचे वेळापत्रक फ्रीजवर चिकटविले. मग तीर्थरूपांनी पुसिले, "बस दारातून सुटते, हा विद्यापीठाचा गुण की बसचा?" खारूबाई म्हणाल्या, "बाबा, पोचलंच नाही तर शिकणार काय?" हे उत्तर खास होते, आणि तीर्थरूपांस हसू आले, परंतु ते त्यांनी मिशीत दाबिले.

याच संधीस राजश्री मामासाहेबांची स्वारी दाखल जाहली. मामासाहेब कचेऱ्याकचेऱ्यांतून बिघडलेले प्रिंटर दुरुस्त करीत. कागद अडकला तर ओढून काढावा आणि शाई संपली तर भरावी, यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु प्रिंटरास तार असते आणि ती तार संगणकास जाते, इतक्या आधारावर साऱ्या गोतात संगणकाचे पंडित म्हणोन त्यांचीच गणना जाहली होती, आणि मामांनीही ती कधी मोडून काढिली नाही. कोणत्याही दुखण्यावर त्यांचे औषध एकच, "एकदा बंद करून चालू कर." तयांनी येताना विद्यापीठांच्या गुणानुक्रमाच्या याद्या छापून आणिल्या, त्याही रंगीत. एका यादीत पातशाही पहिली. दुसरीत चकचकीत संस्थान तिच्या डोक्यावर बसलेले. आणि तिसरीत जवळची जहागीर दोघांच्याही वर, कारण त्या यादीकरांनी क्रम आवारातील झाडी पाहून लाविला होता. गुणानुक्रम नामक या वस्तूविषयी आमचे मत विचाराल तर, ज्याचे त्याने आपले दुकान मध्ये धरावे आणि मग रस्ता मोजावा, तैसा हा प्रकार. मामासाहेबांनी मात्र तिन्ही याद्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरिल्या, बराच वेळ पाहिल्या, आणि चकचकीत संस्थान घ्यावे ऐसा फैसला दिला. घरात कोणी कोणाचे ऐकत नव्हतेच, तेव्हा तिसरा पक्ष निघाला याचे सर्वांस उलट हायसे वाटले.

रविवारी संस्थानाचा दरवाजा पाहुण्यांस खुला, म्हणोन तिकडे कूच जाहले. मातोश्री पाळीवरून थेट आल्या. दाराशीच गळ्यात फीत घातलेल्या एका तरुण कारभाऱ्याने प्रत्येकास पिशवी, टोपी आणि पेन नजर केले, आणि मामासाहेबांनी टोपी तत्काळ डोईस चढवून, घरी आणखी एक भाचा आहे ऐसे सांगून, जो मुळी नव्हताच, दुसरी पिशवीही पदरात पाडून घेतली. मग काचेचे जिने, काचेचे दालन, काचेआड उपाहारगृह ऐसे पाहात पाहात स्वारी संगणकशाळेत आली. दालन देखणे, रांगेने यंत्रे मांडलेली. कारभारी यंत्रांचा महिमा वर्णीत असता खारूबाईंची नजर कळफलकांवर गेली, तो प्रत्येकावर कारखान्यातले पातळ प्लास्टिक जैसेच्या तैसे. तयांनी हळूच एका यंत्राची कळ दाबिली, काही नाही. दुसऱ्याची दाबिली, काही नाही. मग वाकून मेजाखाली पाहिले आणि सरळ उभे राहून अति नम्रपणे पुसिले, "यांच्या वायरी कुठे आहेत?" कारभारी म्हणाला, वायरिंगचे काम सुरू आहे. मातोश्रींचा आवाज खाली आला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे खाटेला नळी जोडलेली नसेल, तर त्याला आम्ही वॉर्ड म्हणत नाही, गोदाम म्हणतो." कारभाऱ्याने फीत सरळ केली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेला. ऐसे संस्थान एका दुपारी बुडाले. परतताना मामासाहेबांनी टोपी मात्र काढिली नाही.

आता समोरासमोर दोनच उरले. सोमवार गेला, मंगळवार गेला, बाप दूर म्हणे आणि लेक जवळ म्हणे, आणि बुधवारी तर दोघे एकमेकांशी बोलावयाचे बंद होऊन मीठही मातोश्रींमार्फत मागू लागले. गुरुवारी मातोश्रींनी ताट सारिले आणि आवाज खाली आणून फर्मान सोडिले, की दोघांनी आत्ताच्या आत्ता खाली जावे, आणि तुमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या मनातले कैसे काढितात ते करून आजच निकाल लावावा. तोवर वाढणार नाही.

हुकमाप्रमाणे दुकानाचे शटर अर्धे ओढिले. खारूबाई उंच खुर्चीवर बसल्या, मातोश्रीही निकाल पाहावयास मागोमाग उतरल्या. तीर्थरूपांनी सवयीने विचारिले, हे बरे की ते, आणि पुरते विचारून होण्यापूर्वीच लेक वदली, "जवळचं." येथे तीर्थरूपांतला कारागीर जागा जाहला. कारण वाहनाचा परवाना हवा म्हणोन कैक लोक तक्त्यावरली अक्षरे घरून पाठ करून येतात, आणि त्यांची खूण हीच, की दिवा लागण्याआधी उत्तर येते. ऐशांस कैसे पकडावे हे चष्मेवाले वर्षानुवर्षे जाणून. तयांनी मातोश्रींस सांगितले, की दोन्ही विद्यापीठांची माहिती तू वाच, पण नाव घेऊ नकोस, आणि दर खेपेस उलटसुलट क्रम लाव. मग मातोश्री वाचू लागल्या. विषय वाचिले, पहिले की दुसरे, लेक म्हणाली दुसरे. प्रयोगशाळा वाचिली, लेक म्हणाली पहिले. शिकविणारे वाचिले, ग्रंथालय वाचिले, आणि लेक विचार करकरून, प्रामाणिकपणे, डोळे मिटून उत्तरे देती जाहली. फक्त खानावळीच्या कलमात जवळची जहागीर जिंकली. बाकी सर्वत्र पातशाहीच. मातोश्रींनी नावे उघड केली, आणि खारूबाईंची चोरी भर दरबारी उघडी पडली.

तीर्थरूप म्हणाले, "बघ. तुला तिकडेच जायचंय."

परंतु खारू काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. ती खुर्चीवरून उतरली, तिने बापाचा हात धरून त्यांस तीत बसविले, जी चौकट त्यांनी हजारोंच्या नाकावर चढविली असेल ती त्यांच्या नाकावर चढविली, आणि विचारिले, "आता तुम्ही सांगा. मी इथे राहिले तर बरं, की तिकडे गेले तर?"

तीर्थरूपांनी समोरच्या तक्त्याकडे पाहिले. मग म्हणाले, "दोन्ही सारखंच."

या शब्दांचा अर्थ त्या धंद्यात दोन प्रकारे करितात. एक तर नंबर अचूक बसला आणि आता बदल नको. नाही तर डोळ्याला पाणी सुटले, आणि त्या वेळचे उत्तर धरू नये, गिऱ्हाइकास जरा बसू द्यावे. गल्ल्यामागे वाढलेली पोर हे न जाणे ऐसे कैसे होईल? तिने चौकटीच्या आत पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, डोळ्यांत पाणी असलं की दोन्ही सारखंच दिसतं. हे उत्तर धरत नाहीत."

मग बापाने चौकट काढिली, आणि आठवडाभर जे ओठांत अडविले होते ते एकदाचे बोलिला. "खरं सांगू? तू गेलीस की मला संध्याकाळी करमणार नाही. अजिबात नाही. पण माझ्यासाठी म्हणून तू इथे थांबलीस, तर मला तुझ्याकडे रोज बघवणार नाही."

"मला जायचंय, बाबा," खारू म्हणाली, आणि रडू लागली. "पण तुम्ही एकटे."

"एकटे कसे? मी कोण, भाडेकरू?" मातोश्रींनी पुसिले. आवाज खाली आणण्याचा त्यांनी यत्न केला, परंतु तो आला नाही, मध्येच फाटला. मग त्या म्हणाल्या की इतके बोलावयास आठवडा लाविला, आता वर चला, जेवण गार जाहले. ऐसा तह जाहला, आणि त्या रात्री मीठ परस्परांकडे मागितले गेले.

तथापि तह जाहला म्हणजे किल्ला आला ऐसे नव्हे. मातोश्रींची शुक्रवारी दिवसपाळी, आणि त्यांचे फर्मान ऐसे, की आपण घरी येईतो जागा पक्की करण्याचे बटण कोणी दाबू नये. ते मोडण्याची छाती कोणास? दुपार गेली, उन्हे उतरली, खारूबाई संगणक उघडून बसल्या, तीर्थरूप खिडकीत उभे राहिले, आणि मामासाहेब, ज्यांस कोणी बोलाविले नव्हते, टोपी घालून हजर जाहले. मातोश्रींची बस रखडली. सूर्य पलीकडच्या गच्चीवर टेकला तेव्हा मातोश्री गणवेशातच धापा टाकीत जिना चढल्या आणि म्हणाल्या, "दाब!"

बटण दाबिले. तो पडद्यावर दरवान उभा. म्हणतो, तुम्ही यंत्र नसून मनुष्य आहा हे सिद्ध करा, आणि खालील अक्षरे ओळखा. तीनदा चुकाल तर उद्या या. उद्या म्हणजे सारेच गेले. अक्षरे तर ऐसी, की वाकडी, तिडकी, एकमेकींवर पडलेली, वरून रेघोट्या ओढलेल्या. खारूबाईंच्या चष्म्यावर वाफ धरली होती. पहिला वार फुकट गेला. मामासाहेबांनी सरक, मला बघू दे, म्हणोन अक्षरे ठोकिली. दुसरा वारही फुकट. मग त्यांनी संगणकाच्या मुख्य कळीकडे हात नेला आणि बोलिले, "एकदा बंद करून..." मातोश्री इतक्या खालच्या आवाजात "दादा" म्हणाल्या, की मामासाहेबांनी हात आणि टोपी दोन्ही खाली ठेविली.

उरला एक वार. खारूने मागे वळून पाहिले. "बाबा, तुम्ही वाचा."

तीर्थरूप पुढे जाहले. खोलीतला दिवा मालविण्याची आज्ञा केली, संगणकाचा पडदा हातभर मागे सारिला, डोळे पुसिले, पुन्हा पुसिले, आणि लेकीच्या खुर्चीमागे उभे राहिले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांकडून अक्षरे वाचवून घेतली. त्या सायंकाळी प्रथमच कोणी त्यांच्याकडून वाचवून घेत होते. आणि आम्ही सर्वसाक्षी असल्याने त्यांच्या मनी जे चमकून गेले तेही लिहितो, दडवीत नाही. एक अक्षर, केवळ एक, चुकीचे सांगितले असते, तर दरवाजा बंद होता, पोर घरी होती, आणि दोष कोणी कोणास दिला नसता. अक्षरेच तैसी होती. इतकी सत्ता त्या क्षणी त्यांच्या जिभेवर होती, आणि ती त्यांस ठाऊक होती.

मग ते एकेक अक्षर, सावकाश, धंद्यातल्या आवाजात सांगू लागले, आणि लेक एकेक अक्षर दाबू लागली. शेवटच्या अक्षरापाशी ते थांबले. मातोश्रींनी त्यांच्या पाठीवर हात ठेविला. तीर्थरूपांनी ते अक्षर सांगितले, आणि बरोबर सांगितले.

दरवाजा उघडला.

येणेप्रमाणे दूरची पातशाही फत्ते जाहली. खारूबाईसाहेबांची जागा कायम जाहली, मामासाहेबांनी विजयाचे श्रेय आपल्या याद्यांस दिले, ते कोणी हिरावून घेतले नाही, आणि मातोश्रींनी वाढावयास घेतले. पडद्यावर वीतभर उंचीचे "अभिनंदन" उमटले होते. तक्त्यावरल्या सर्वांत वरच्या अक्षराहूनही ते मोठे, आणि मध्ये रेघ नाही, वाकडेपणा नाही. परंतु तीर्थरूप चष्मेवाल्यांस ते काही केल्या वाचता येईना. तेव्हा ते लेकीने वाचून दाखविले, ऐसी या विजयाची नोंद केली असे.